उन्हानं राळेची गादी पाघळतेय, आरशाची कड उतरतेय – जाणकारांनी सांगावं

सेलूचा वाइंडर
१२ मे, रात्री १०.४०

रामराम मंडळी.

मी सेलूचा, जिल्हा परभणी. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या मोटारी भरून देणं हा एकवीस वर्षांचा धंदा. मागच्या दिवाळीपासून दुर्बिणीसाठी सहा इंची आरसा हातानं घासायलोय. घासाई नीट झाली, पण पॉलिशला येऊन गाडं रुतलंय. काय काय केलं ते सगळं लिहितो, म्हणजे कुठं चुकलं ते तुम्हाला दिसंल.

काच साधी फ्लोट ग्लास, २५ मिलिमीटर जाड, १५२ मिलिमीटर व्यासाची गोल कापून घेतली. खालच्या अवजारासाठी दुसरी काच घेतली नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची तेवढीच चकती ओतली आणि तिच्यावर फरशीच्या टाइलचे तुकडे एपॉक्सीनं चिकटवले. प्लास्टरनं पाणी पिऊ नये म्हणून आमचंच वाइंडिंगचं वार्निश तीन हात दिलं. दुकानाच्या मागं एक जुनं टिपाड होतं, त्यात मुरूम भरला. टिपाडावर अवजार, अवजारावर काच, आणि भोवती गोल फिरत घासायचं.

८० नंबरच्या कार्बोरंडम पावडरीनं खोली काढली. काचेवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून मधे फिलर गेजच्या पट्ट्या सरकवत गेलो. मधोमध १.२ मिलिमीटर भरलं तेव्हा थांबलो. हिशेबानं फोकस १२०० मिलिमीटरच्या आसपास यायला पाहिजे, म्हणजे एफ/८, फोकस व्यासाच्या साधारण आठ पट. मग काच ओली करून उन्हात धरली आणि सूर्याचं बिंब समोरच्या भिंतीवर पाडलं. टेप लावला तर १२१० मिलिमीटर. त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं आणि घरी पेढे नेले.

पुढं १२०, २२०, ४००, ६०० आणि शेवटी बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइड. दर नंबरला काचेवर पेन्सिलच्या उभ्या-आडव्या रेघा ओढायचो. थोडं घासल्यावर रेघा सगळीकडून सारख्या गेल्या तरच पुढचा नंबर. मधल्या रेघा गेल्या आणि कडेच्या राहिल्या तर अजून तासभर. प्रत्येक वेळी टिपाड, हात, बादली, सगळं धुवायचं, कारण जाड नंबरचा एक दाणा मागं राहिला तर काचेला चरा पाडतो. पाणी उन्हाळ्यात मोजून वापरावं लागतं, म्हणून घासाई हिवाळ्यातच उरकली. शेवटच्या नंबरानंतर काच दुधी दिसायची, पण डोळ्याच्या पातळीला तिरकी धरली की तिच्यात ट्यूबलाइट लालसर दिसायची. ते बघायला मी पोरीला झोपेतून उठवलं होतं.

आता अडचण. पॉलिशची गादी (पिच लॅप) मी राळ आणि एरंडेल तेलाची केली. राळ माझ्या ओळखीची आहे, डाग देताना रोज लागते. फेब्रुवारीत केली तेव्हा अंगठ्याचं नख दाबलं की हळूहळू खूण उमटायची, अगदी पुस्तकी. पंचवीस मिलिमीटरचे चौकोन पाडले, मधल्या सऱ्या सरळ ठेवल्या आणि सिरियम ऑक्साइडच्या पॉलिश पावडरीवर काम सुरू केलं. मार्चमध्ये मधला भाग काळ्या पाण्यासारखा चमकायला लागला. मग काम वाढलं. उन्हाळ्यात लोकांच्या मोटारी जळतात, आमचा तो सुगीचा काळ. आरशाला हात लागला तो एप्रिलच्या शेवटी. दुकानाला पत्रा आहे. दुपारी आत ४२ आणि रात्री अकरालाही ३५-३६ असतं. आठवडाभर रात्री पॉलिश केलं. सऱ्या बुजायला लागल्या, मी ब्लेडनं उकरायचो, दुसऱ्या दिवशी परत बुजलेल्या.

परवा फूको चाचणी लावली, म्हणजे आरशावरून परतलेल्या उजेडात ब्लेड सरकवून काचेचे उंच-सखल भाग सावलीत बघायचे. टॉर्चची एलईडी, पुढं बारीक फट, दाढीचं ब्लेड, आणि ब्लेड पुढं-मागं करायला एम-सहाचा बोल्ट, एका फेऱ्याला एक मिलिमीटर. मधला सगळा भाग सारखा करडा होत जातो, म्हणजे गोलाई बरी आहे असं मला वाटतं. पण कडेचा साधारण पाच मिलिमीटरचा पट्टा वेगळाच उजळतो. कड खाली उतरलीय, टर्न्ड डाऊन एज म्हणतात तसली.

विचारायचं एवढंच की गादी कडक करून हे उन्हातच सावरता येईल, का हिवाळ्यापर्यंत थांबावं? का परत मागं, बारीक पावडरवर जावं? आठवीतल्या पोरीनं वाचलं की विल्यम हर्शेलनं १७८१ मध्ये युरेनस शोधला तेव्हा त्याचा आरसा सहा इंचाच्या थोडा वरच होता आणि स्वतःच्या हातानं घासलेला होता. "बाबा, तेवढाच तर आहे," म्हणली. तिथून हे सगळं सुरू झालं. अर्धवट सोडायची माझी तयारी नाही.

---

परळीकर
१३ मे, सकाळी ८.०५

वाइंडर भाऊ, तुमचं काम वाचून आनंद झाला. माझा सरळ सल्ला असा की पाच मिलिमीटरची कड काळ्या कागदानं झाकून टाका. पुठ्ठ्याची गोल रिंग, आतला व्यास १४२. हिशेब केला तर प्रकाश फक्त १३ टक्के कमी होतो. चंद्र, गुरू, शनी बघायला काही फरक पडणार नाही. पोरीला या उन्हाळ्यातच आकाश दाखवा. पुढचा आरसा जास्त चांगला करा.

मी स्वतः तयार आरसा विकत आणून दुर्बीण बांधली, त्यामुळे घासायचा अनुभव नाही. झाकायचा मात्र आहे, माझ्याही आरशाची कड थोडी खराब निघाली होती. रिंग लावल्यावर ताऱ्याभोवतीची धुसर झालर गेली.

---

माळवद
१३ मे, रात्री ९.२०

वाइंडर दादा, मी अंबाजोगाईचा. वय ७१. शाळेत विज्ञान शिकवलं, निवृत्तीनंतर तीन आरसे घासले: दोन सहा इंची, एक आठ इंची. तुमचं वाचलं आणि माझाच दुसरा आरसा डोळ्यापुढं आला. सविस्तर लिहितो.

आधी कारण. राळ मऊ झाली की आरशाची कड तिच्यात रुतते. तुम्ही आरसा पुढं ढकलला की कडेच्या पुढं राळेची बारीक लाट उठते, नांगराच्या फाळापुढं माती उठावी तशी. ती लाट रोज हजार वेळा कडेवरून जाते आणि कडच जास्त घासून काढते. मधल्या भागाला हा त्रास नाही, म्हणून तुमचा मधला भाग चांगला आणि कड गेलेली. हात वाईट नाही तुमचा. तापमान वाईट आहे.

फेब्रुवारीत नखाला बरोबर लागलेली राळ मे महिन्यात बरोबर राहत नाही. वीस अंशांच्या आणि चाळीस अंशांच्या राळेत, एक खडीसाखर आणि एक काकवी, एवढा फरक असतो. राळेची एक जुनी परीक्षा आहे, तुकडा दातांखाली धरून चावायचा. मट्‌कन तुटला तर कडक, दाताला चिकटला तर मऊ. ही परीक्षा थंड देशातल्या लोकांची. त्यांची खोली तोंडापेक्षा थंड असते. तुमचं पत्र्याखालचं दुकान दुपारी तुमच्या तोंडापेक्षा गरम असतं आणि रात्रीही जवळजवळ तेवढंच! तिथं दाताची परीक्षा उपयोगाची नाही. त्यापेक्षा असं करा: ज्या वेळी, ज्या जागी घासणार तिथलं तापमान मोजा, तेवढ्या तापमानाच्या पाण्यात राळेचा नमुना अर्धा तास बुडवून ठेवा आणि मग नख लावा.

आता जागा. पत्र्याखाली हे काम होणार नाही, कितीही कडक राळ केली तरी. माझं नाव मी माळवद का घेतलंय ते सांगतो. आमचं जुनं घर माळवदाचं आहे, हातभर मातीचं छत, दगडी भिंती. मे महिन्यात पहाटे चारला मधल्या खोलीत २७-२८ अंश असतात आणि सात वाजेपर्यंत पारा फार तर अर्धा अंश हलतो. आरशाला थंडी लागत नाही, त्याला एकसारखेपणा लागतो. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ नंतर, आमच्या भागातल्या अनेकांनी माळवदं उतरवून पत्रे टाकले. भीती खरी होती, कुणाला दोष नाही. पण तुमच्या नात्यात कुठं एखादं धडधाकट माळवद उरलं असेल तर दोन-तीन महिने पहाटेची खोली मागून घ्या. कूलर लावू नका. कूलरच्या झोतानं आरशाच्या एका बाजूला वेगळं तापमान होतं आणि हवा हलत राहते, मग फूकोत काय दिसतंय तेच कळत नाही.

गादी नव्यानं ओता. जुन्या राळेत अजून राळ घालून कडक करा. विजेच्या शेगडीवर, मंद, उघड्यावर, आणि शेजारी पातेल्यावर बसणारं झाकण ठेवा. वाफ पेट घेते. दोन वर्षांपूर्वी माझ्या भुवया गेल्या, म्हणून आवर्जून सांगतो. गादी आरशापेक्षा दोन-तीन मिलिमीटर लहान ठेवा. चौकोन पाडून झाले की कांद्याच्या पिशवीची जाळी ओली करून गादीवर अंथरा आणि वरून आरसा दाबा. त्या बारीक ठशांमुळे राळेला जिथल्या तिथं पसरायला जागा मिळते आणि कडेला लाट उठत नाही. रोज काम सुरू करायच्या आधी अर्धा तास नुसता दाब द्या. घाई झाली की लोक हेच गाळतात, आणि कड तिथंच जाते.

स्ट्रोक, म्हणजे आरसा पुढं-मागं न्यायची लांबी, आखूड करा. व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाऐवजी पाचव्या हिश्शावर या. हाताचा भार देऊ नका, आरशाचं स्वतःचं वजन पुरतं.

राहिलं मुख्य. परळीकरांचा कागद लावायचा सल्ला चुकीचा नाही, तुमची दुर्बीण आजच चालेल. पण तुम्ही विचारलंय म्हणून सांगतो. उतरलेली कड वर आणता येत नाही. काच घातली जात नाही, फक्त काढली जाते. कड बरोबर करायची म्हणजे बाकीचा सगळा आरसा त्या कडेच्या पातळीला खाली न्यायचा. एक-दीड मिलिमीटरचा पट्टा असता तर पॉलिशवर गेला असता. पाच मिलिमीटर पॉलिशवर काढायला गेलात तर चाळीस तास लागतील आणि मधली गोलाई बिघडेल. मन घट्ट करा, टाइलच्या अवजारावर परत जा आणि सगळ्यात बारीक पावडरीनं तास-दीड तास घासा. चमक जाईल. ती बघवत नाही, मला माहीत आहे. पण पेन्सिलच्या रेघा कडेपर्यंत सारख्या पुसल्या गेल्या की कड परत मिळालेली असते.

आणि घासायच्या आधी कडेचा बेव्हल, म्हणजे तिरका घासलेला काठ, बघा. धार राहिली असेल तर कपचा उडतो आणि तोच कपचा चरा पाडतो. कुरुंदाच्या दगडानं पाण्याखाली दोन मिलिमीटरचा बेव्हल काढून घ्या.

---

लातूरची लॅबवाली
१४ मे, दुपारी ३.५०

माळवद काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी फक्त चाचणीबद्दल लिहिते, कारण आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांबरोबर मी हाच खटाटोप दोनदा केला आहे.

वाइंडर दादा, पॉलिश संपल्यावर तुम्ही किती वेळानं फूको लावलं? साधी काच तापमानानं बरीच फुगते, बोरोसिलिकेट काचेपेक्षा जवळजवळ तिप्पट. घासताना आरसा गरम होतो, हातांनी धरल्यानंही होतो. खात्री करायची असेल तर आरशावर अंगठा वीस सेकंद टेकवा आणि लगेच ब्लेडमधून पाहा. तिथं टेंगूळ उभं राहिलेलं दिसेल. आमच्या मुलांना मी सगळ्यात आधी तेच दाखवते. ते टेंगूळ बसायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ अख्ख्या आरशाला लागतो. दोन तास तरी थांबा. तोपर्यंतचं निदान धरू नका. कदाचित पाचमधला एखादा मिलिमीटर नुसत्या गरमीचा असेल.

कडेसाठी एक खूण. ब्लेड बिंबावर येतं तेव्हा आरशाच्या दोन्ही कडांना सारखीच बारीक उजळ रेघ दिसली तर कड चांगली. एकाच बाजूला दिसली तर उतरलेली.

आणि एक चांगली बातमी. १५२ चा एफ/८ आरसा नुसता गोलाकार राहिला तरी चालण्याच्या सीमेवर येतो, प्रकाशाच्या लहरीचा पाव हिस्सा चूक. पॅराबोला (मधे किंचित जास्त खोल असलेला आकार) देण्याची मारामारी तुम्हाला जवळजवळ नाही. हेच आठ इंच एफ/६ असतं तर गोलाई मुळीच चालली नसती. थोडा पॅराबोला दिलात तर उत्तम. तुमच्या चाचणीत दिवा आणि ब्लेड एकाच पाटावर सरकत असतील तर मध्य आणि कड यांच्या रीडिंगमध्ये १.२ मिलिमीटर फरक यायला हवा. दिवा स्थिर असेल तर दुप्पट. तुमच्या बोल्टच्या हिशेबानं एक फेरा आणि वर थोडं. ०.६ पर्यंत आलं तरी मी थांबेन.

पाव लहर म्हणजे काचेच्या पृष्ठभागावर साधारण ०.००००७ मिलिमीटर. तुमच्या फिलर गेजची सगळ्यात पातळ पट्टी ०.०५ ची असेल. तिचे सातशे पदर केले तर त्यातला एक. हे तुम्ही टिपाडाभोवती फिरून हातानं करताय, आणि ते होतं. त्याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

---

सेलूचा वाइंडर
१४ मे, रात्री ११.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, मी पॉलिश थांबवून पंधरा मिनिटांत फूको लावलं होतं. आज सकाळी परत लावलं, आरसा रात्रभर जागचा हलवला नव्हता. पट्टा चार मिलिमीटरचा दिसतो. उजळ रेघ डावीकडं आहे, उजवीकडं अजिबात नाही. म्हणजे उतरलेलीच. अंगठ्याचा प्रयोग पोरीनं केला, टेंगूळ दिसलं. मग तिनं चारही बोटं टेकवून बघितलं. शाळेला उशीर झाला.

परळीकर भाऊ, कागदाचा सल्ला मी मनात ठेवलाय, पण मला झाकायचं नाही. गिऱ्हाईकाच्या मोटारीत एक वेढा शॉर्ट असला तरी मोटार फिरते, चार महिने फिरते. मला तो वेढा आत आहे हे माहीत असतं. तसंच हे.

काका, माळवदाचं मी विसरूनच गेलो होतो! माझ्या मामाचं घर मानवतजवळच्या खेड्यात आहे, माळवदाचं, मागच्या वर्षी वरची माती आणि चुना नव्यानं केलाय. मामा एकटेच असतात. फोन केला. म्हणले, "ये की, पण पहाटे चारला उठशील का तू?" शनिवारी संध्याकाळी जाऊन रविवारी दुपारी परत, असं दर आठवड्याला करणार.

एक शंका. सिरियमसाठी बोअरचं पाणी चालेल का? मामाच्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, भांड्याला पांढरा थर धरतो.

---

माळवद
१५ मे, सकाळी ६.३०

घासाईला चालेल. पॉलिशला नको, क्षाराचा खडा सुकून गादीत बसतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल पाणी घ्या, पाच लिटरचा एक कॅन अख्ख्या आरशाला पुरतो. ते तुमच्या दुकानात असेलच.

मामांना चहा करायला सांगू नका, तुम्ही करा. हर्शेलची बहीण कॅरोलाइन तो पॉलिश करत असताना त्याच्या तोंडात घास भरवायची, कारण त्याला हात सोडता येत नसे. त्याचा आरसा धातूचा होता. आपल्या काचेला मध्ये थांबलेलं चालतं, फक्त आरसा गादीवर ठेवून निघून जाऊ नका, चिकटून बसतो.

---

औंढेकर
१५ मे, रात्री ८.४५

मला यातलं काही येत नाही, पण धागा सुरुवातीपासून वाचतोय. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होणार आहे. तिथले आरसे ३४ सेंटिमीटर व्यासाचे, २० सेंटिमीटर जाड आणि ४० किलो वजनाचे असतात, साध्या काचेचे नव्हे तर शुद्ध सिलिकाचे. बातम्यांत ते आकडे वाचले होते तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता तुमचं टिपाड वाचल्यावर वाटलं. वाइंडर भाऊ, पुढं काय झालं ते नक्की लिहा.

---

सेलूचा वाइंडर
७ जुलै, रात्री १०.००

थोडक्यात कळवतो. मागं गेलो. बारीक पावडरीवर पहिले दहा मिनिटं बघवेना, काका बरोबर म्हणले होते. चार महिन्यांची चमक दोन फेऱ्यांत दुधी झाली. पण सव्वा तासानं कडेच्या रेघा मधल्या रेघांबरोबर गेल्या.

नवी गादी कडक केली. मामाच्या मधल्या खोलीत पहाटे २८ अंश होते, त्या पाण्यात नमुना भिजवून नख लावून बघितलं. तीनदा राळ घालावी लागली. जाळीचे ठसे आठवडाभर टिकतात, सऱ्या बुजत नाहीत. दुकानात जे रोज उकरायचो ते इथं एकदाही उकरलं नाही.

तिसऱ्या रविवारी एक चरा पडला. माझी चूक, मातीचं छत आहे हे डोक्यात आलं नाही, वरून बारीक माती पडली. आता खाटेवर चादर ताणून तिच्या खाली काम करतो. चरा केसासारखा बारीक आणि कडेजवळ आहे. राहू देणार.

---

माळवद
८ जुलै, सकाळी ६.१०

चरा राहू द्या. एका बारीक चऱ्यानं प्रतिमेचं काही बिघडत नाही, नुसता डोळ्याला सलतो. चादरीचं मी सांगायला हवं होतं. माझ्या खोलीला खालून फळ्या मारलेल्या आहेत, म्हणून सुचलं नाही.

---

सेलूचा वाइंडर
कार्तिक शुद्ध नवमी, रात्री ११.३०

मंडळी, आरसा झाला.

सप्टेंबरच्या शेवटी शेवटचं फूको लावलं, रात्रभर थांबून. दोन्ही कडांना रेघ आहे, डावीकडं आणि उजवीकडं, सारखी. बेव्हलला लागून अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल तर असेल, माझ्या ब्लेडला तो पकडता येत नाही. मध्य आणि कड यांच्यात ०.७ आलं, पाच वेळा मोजून. ताई, मी थांबलो.

नळी २०० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपची केली, शेतात पाइपलाइन करून उरलेला तुकडा मामांनी दिला. आतून काळा मॅट रंग. खालची पेटी प्लायवूडची, डॉब्सनच्या पद्धतीची. काका तुम्ही फोनवर सांगितलं होतं की जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात साधू होते आणि मठात राहून काचा घासायचे. ते मी मामांना सांगितलं. मामा माळकरी आहेत. त्यांनी पेटीच्या चारही कोपऱ्यांना स्वतः पॉलिश पेपर मारला.

आरशाला चमकदार धातूचा मुलामा अजून केलेला नाही. कोरी काच चार टक्केच प्रकाश परत देते. म्हणजे सहा इंची आरसा कोरा असताना सव्वा इंची भिंगाएवढाच. तरी काल अष्टमी होती, चंद्र अर्धा, आणि पोरगी थांबायला तयार नव्हती. उजेड बाजूला वळवणारा छोटा तिरका आरसा विकतचा, मुलामा केलेला. २५ मिलिमीटरचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावला, ४८ पट.

अंधाराच्या कडेला तीन मोठी विवरं एकाखाली एक होती. नकाशावरून तिनंच नावं लावली: प्टोलेमियस, अल्फोन्सस, आर्झाचेल. अल्फोन्ससच्या मधोमध एक टोक उभं आहे, त्याच्यावर ऊन होतं आणि भोवती सावली. पोरगी म्हणली, तिथं आत्ता सकाळ झालीय. ती बाजूला झाल्यावर मी बघितलं. मग मामांनी बघितलं. मामांना आधी काही दिसंना, डोळा कुठं ठेवायचा ते कळत नव्हतं. मग एकदम गप्प झाले आणि बराच वेळ उठले नाहीत. चंद्र सरकत आयपीसच्या बाहेर गेला तेव्हा, "गेला की," एवढंच म्हणले. मी नळी थोडी ढकलून परत आत आणून दिला.

कडा धारदार आहेत. कुठं झालर नाही.

काका, तुम्ही या एकदा, सेलूला रेल्वेनं येता येतं. परळीकर भाऊ, तुम्ही पण. आरसा धुवून मलमलीत बांधलाय. सोमवारी मुलामा करून घ्यायला पुण्याला घेऊन निघतोय. डबा बॅगेत ठेवणार नाही, मांडीवरच धरून बसणार.